परदेशात वाढणाऱ्या नातवंडांना आपलं सगळं कसं शिकवायचं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकची, गंगापूर रोडला राहते, 31 वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. मुलगी न्यू जर्सीला, मुलगा मेलबर्नला, नातवंडं दोन्हीकडे. रिटायर झाल्यावर आधी आपल्याच नातवंडांना व्हिडिओ कॉलवर शिकवायला घेतलं, मग शेजारणीची नातवंडं आली, मग तिच्या बहिणीची, आणि आता दर रविवारी सकाळी साडेसहाला अकरा पोरं समोर असतात. तेव्हा न्यू जर्सीत शनिवारची रात्र असते आणि मेलबर्नला दुपार व्हायला आलेली असते. त्यांच्या आई-बाबांचे, आजी-आजोबांचे तेच तेच प्रश्न येतात, प्रत्येकाला वेगळं टाईप करण्यापेक्षा इथे एकदाच लिहून ठेवते.

कितव्या वर्षापासून सुरुवात करायची?

पाळण्यापासून. खरंच. अंगाईला वय लागत नाही. आणि मूल दहा वर्षांचं झालंय, आता उशीर झाला असं वाटत असेल तर तेही मनातून काढून टाका, माझ्याकडे बाराव्या वर्षी आलेला मुलगा आता मला मराठीतून मेसेज पाठवतो, चुका भरपूर असतात पण पाठवतो.

दोन-तीन भाषा कानावर पडल्या तर मूल उशिरा बोलतं का?

नाही. दोन भाषांमुळे बोलणं अडत नाही. लहानपणी मुलं दोन्ही भाषा एका वाक्यात मिसळतात, त्याला घाबरून घरातली मराठी बंद करू नका, हीच चूक सगळ्यात जास्त घरांमधे झालेली मी पाहिलीय, आणि एकदा बंद केलेली भाषा परत सुरू करायला मग फार जड जातं. बोलण्याबद्दल खरंच काही शंका असेल तर डॉक्टरांना दाखवा, पण मराठीला दोष देऊ नका.

मुलांना मराठी सगळं कळतं पण उत्तर मात्र इंग्लिशमधेच देतात. काय करू?

हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. मूल इंग्लिशमधे उत्तर देतं कारण तुम्हाला इंग्लिश कळतं हे त्याला माहितीय, एवढंच कारण आहे, त्यात आपल्या भाषेचा कमीपणा वगैरे काही नसतो. "मराठीत बोल, मराठीत बोल" असं सारखं म्हटलं की मराठी म्हणजे ओरडा खाण्याची भाषा होऊन बसते. मी तसं म्हणत नाही. मूल म्हणालं, "आय डोन्ट वॉन्ट मिल्क," की मी म्हणते, "दूध नको का? बरं, मग ताक हवंय का?" म्हणजे त्याचंच वाक्य मराठी होऊन परत त्याच्या कानावर जातं, आणि उत्तर द्यायला शब्दही हाताशी येतो. पंधरावीस दिवसांनी "ताक नको" एवढं तरी येतंच.

दुसरं म्हणजे घरात एक तरी माणूस असा हवा की ज्याच्याशी मराठीशिवाय चालतच नाही. आमच्या घरी ते माझे मिस्टर. त्यांना इंग्लिश येतं हो, बँकेत होते, पण नातवंडांसमोर ते बोलत नाहीत. धाकट्या नातीला कॅरम खेळायचा असतो, आणि कॅरम फक्त आजोबांकडे, तेव्हा "आजोबा, माझी राणी कव्हर झाली" हे वाक्य तिला कुणी शिकवलेलं नाही. गरजेतून आलं.

व्हिडिओ कॉलवर नुसतं "हाय आजी, बाय आजी" करून पळतात

पळणारच. आपण विचारतो काय तर "जेवलास का, अभ्यास केलास का, आजीची आठवण येते का." सात वर्षांच्या पोराने यावर किती बोलायचं?

मला हे कळायला दोन वर्षं लागली. एकदा थंडीत मी कॉल लावला आणि मला मटार सोलायचे होते म्हणून शेंगांची परात तिथेच घेऊन बसले, बोलायला फारसं काही नव्हतंच. नातू बघत बसला. म्हणाला, मला पण. लेकीने पुढच्या शनिवारी इंडियन ग्रोसरीतून शेंगा आणल्या आणि आम्ही दोघं दोन देशांत बसून मटार सोलायला लागलो, कुणाच्या शेंगेत जास्त दाणे निघतात ते बघायचं. माझ्या आठ, त्याच्या नऊ. शेंग, साल, दाणा, टपोरा, कोवळा, जून असे शब्द आपोआप आले. महिन्याभराने एक शेंग कॅमेऱ्यासमोर धरून तो म्हणाला, "आजी, ही किडकी आहे." किडकी! मी पुस्तक घेऊन शिकवायला बसले असते तर हा शब्द कधी आलाच नसता.

तेव्हापासून माझा नियम असा की कॉलवर गप्पा नाही, काम करायचं. लसूण सोला, कणकेचे दिवे करा, लिंबू-मिरची ओवा, पानसुपारीचं तबक लावा. पंचवीस मिनिटं पुरतात. आणि मुलाला सांगून कॉल लावा, की आज अमुक करायचंय, सामान तयार ठेव. आई-बाबांनी तेव्हा मधेमधे "आजीला पोएम म्हणून दाखव" करायचं नाही, प्लीज.

वाचायला-लिहायला शिकवलंच पाहिजे का? बोललं तरी पुरे नाही का?

बोलणं आधी, पण वाचणं शिकवाच. ज्याला वाचता येतं त्याच्यापाशी आपण नसलो तरी भाषा राहते.

देवनागरीची एक गंमत मुलांना फार आवडते, जे दिसतं तेच वाचायचं. इंग्लिशमधे स्पेलिंग पाठ करून दमलेल्या पोरांना हे सांगा, त्यांचे चेहरे खुलतात. मी सरळ अ आ इ ई पासून सुरू करत नाही, आधी मुलाचं स्वतःचं नाव, मग आई, बाबा, मग घर, नळ, बस, असे काना-मात्रा नसलेले शब्द. बाराखडी नंतर. जोडाक्षरं सगळ्यात शेवटी. च आणि ज चे दोन-दोन उच्चार असतात, चहातला च वेगळा आणि चाकातला वेगळा, हे आधी सांगून टाका, नाहीतर हुशार मूल तुम्हाला पकडतं की तुम्ही तर म्हणाला होतात जे दिसतं ते वाचायचं.

आकडे हा खरा अवघड भाग. एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी, हे समजावून सांगितलं तर बसतं, नुसतं पाठ करायला लावलं तर एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास सगळ्याचा काला होतो.

पुस्तकांसाठी पैसे घालवू नका. बालभारतीची पाठ्यपुस्तकं त्यांच्या वेबसाईटवर पीडीएफमधे फुकट मिळतात, पहिली-दुसरीची डाऊनलोड करा. अमेरिकेत असाल तर जवळच्या महाराष्ट्र मंडळात चौकशी करा, बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 पासून आहे आणि तिथे बऱ्याच गावांत वीकेंडला मराठी शाळा चालतात. लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर 1932 चं. मुलाला आपल्यासारखी आणखी वीस मुलं दिसली की अर्धं काम झालं, ते काम आजी फोनवरून नाही करू शकत.

सण ऑफिसच्या दिवशी येतात, सुट्टी नसते, मग साजरे कसे करायचे?

शनिवारी करा. गणपती दीड दिवसाचा बसवा, वीकेंडला आरतीला लोक बोलवा, देव रागावत नाही. माझं म्हणणं वेगळंच आहे, सणात मुलांना प्रेक्षक करून ठेवू नका. झब्बा घालून, फोटो काढून, प्रसाद हातावर ठेवून मूल मोकळं, यात त्याच्या हाताला काय लागलं? दिवाळीत किल्ला करू द्या. अपार्टमेंट असेल तर बाल्कनीत मोठ्या ट्रेमधे माती घाला, पोतं ओलं करून त्यावर अळीव पेरा, पाचेक दिवसांत हिरवंगार होतं, मावळे नसतील तर खेळण्यातली माणसं चालतात, माझ्या मेलबर्नच्या नातवाच्या किल्ल्यावर दोन वर्षं डायनासोर पहाऱ्याला होता. किल्ला करताना मूल स्वतःच विचारतं की वर पाणी कुठून यायचं, दरवाजा आडवा का, आणि मग महाराजांची गोष्ट सांगायला तुम्हाला वेगळी वेळ काढावी लागत नाही.

भोंडलाही सोपा आहे. पाटावर हत्ती काढा, भोवती फेर धरा, गाणी दोनच येत असतील तर दोनच. मुलांचा जीव खरा अडकतो खिरापत ओळखण्यात. डबा हलवायचा, वास घ्यायचा, तिखट की गोड, ओली की कोरडी, आणि हे सगळं मराठीतच विचारायचं. शेजारच्या अमेरिकन मुलीही येतात म्हणे माझ्या लेकीकडे, आणि "खिरापत काय" हे त्यांनाही पाठ झालंय.

सुट्टीत नाशिकला आणलं की कुठे कुठे न्यायचं?

दोन आठवड्यांत पंधरा देवळं करू नका, एवढं आधी सांगते. नातेवाईकांकडच्या जेवणांनीच मुलं अर्धी होतात. चार ठिकाणं न्या पण नीट न्या.

पांडवलेणी सकाळी लवकर, उन्हाच्या आधी. पायऱ्या चढून वर गेलं की 24 लेणी आहेत, जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीची, बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली. नाव पांडवलेणी असलं तरी पांडवांचा संबंध नाही हे मुलांना सांगून टाका, त्रिरश्मी हे जुनं नाव. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री या सातवाहन राणीचा मोठा शिलालेख आहे, ब्राह्मी लिपी, भाषा प्राकृत, तिच्या मुलाच्या पराक्रमाचं वर्णन त्यात आहे. मुलाचं नाव गौतमीपुत्र सातकर्णी. म्हणजे आईच्या नावाने ओळखला जाणारा राजा! माझ्या थोरल्या नातीने तिथल्या तिथे वहीत स्वतःचं नाव आईचं नाव लावून लिहून पाहिलं. आपली मराठी प्राकृतातूनच आलीय, तेव्हा इथे उभं राहून "ही आपल्या भाषेची पणजी" असं सांगता येतं. खाली फाळके स्मारक आहे, दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, 1913 मधे त्यांनी राजा हरिश्चंद्र काढला, सिनेमावेड्या मुलांना हे सांगा.

मग गोदाघाट. रामकुंडावर पुस्तकी माहिती देत बसू नका, दुतोंड्या मारुती दाखवा. दोन्ही बाजूंना तोंड असलेला हा उंच मारुती म्हणजे आम्हा नाशिककरांची पूर मोजायची पट्टी. गुडघ्यापर्यंत पाणी, कमरेपर्यंत पाणी, गळ्यापर्यंत पाणी, पावसाळ्यात सगळं गाव याच भाषेत बोलतं. मी मुलांना 1969 च्या महापुराच्या गोष्टी सांगते. जवळच नारोशंकराचं देऊळ, तिथली मोठी घंटा म्हणजे 1739 मधे मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली त्या विजयाची खूण. आता न्यू जर्सीहून ऑगस्टमधे फोन येतो तेव्हा नात पहिलं काय विचारते माहितीय? "आजी, मारुतीच्या कुठपर्यंत पाणी?" गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते हे तिला कदाचित परीक्षेत आठवणार नाही, पण नदी तिची झाली.

भांडी बाजारात न्या. तांब्याची भांडी ठोकून करणारे तांबट अजून काही आहेत, त्यांच्या दुकानासमोर पाच मिनिटं नुसतं उभं राहा, तो आवाज ऐकू द्या. एक छोटा तांब्या मुलाला स्वतःच्या हाताने घेऊ द्या, भाव विचारू द्या, "कितीला?" हा शब्द बाजारातच येतो.

आणि कधी मार्चमधे यायला जमलं तर रंगपंचमी. आमच्याकडे धुळवडीला नाही तर रंगपंचमीला रंग खेळतात, आणि जुन्या नाशकात पेशवेकाळातल्या रहाडी आहेत, म्हणजे जमिनीतले दगडी हौद, वर्षभर झाकलेले असतात आणि त्या दिवशी उघडतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. त्यात उडी मारणं म्हणजे धप्पा. लहान मुलांना गर्दीत उतरवू नका, कडेला खांद्यावर घेऊन उभे राहा, पण दाखवाच, जगात दुसरीकडे हे बघायला मिळायचं नाही.

जातपात, अस्पृश्यता हे परदेशातल्या मुलाला कसं सांगायचं? सांगायलाच हवं का?

सांगायलाच हवं. तुम्ही नाही सांगितलं तर शाळेच्या पुस्तकातून कळेल, किंवा वर्गात कुणीतरी विचारेल, आणि मग मूल घरी येऊन म्हणेल की तुम्ही मला फक्त छान छान का सांगितलंत. तो प्रश्न फार लागतो मनाला. माझ्या लेकीला विचारलाय तिच्या मुलीने.

आम्ही नाशिककर तर हे टाळूच शकत नाही. काळाराम मंदिरात दर्शनाला नेता ना, मग त्याच पायऱ्यांवर 2 मार्च 1930 ची गोष्टही सांगा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं या देवळाच्या दारात आली, बायकाही होत्या, मागणी एकच की आम्हालाही आत येऊ द्या, आणि दारं बंद करून घेतली गेली. सत्याग्रह काही वर्षं चालला. आपल्याच जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातले दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते. दारं काही उघडली नाहीत, आणि 1935 मधे येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, 1956 मधे नागपूरला बौद्ध धम्म घेतला.

मी नातीला हे देवळासमोर बसून सांगितलं तेव्हा ती दहा वर्षांची होती. तिने विचारलं, "आजी, तेव्हा आपले लोक आत होते की बाहेर?" मी खरं सांगितलं, आत. ती बराच वेळ गप्प बसली, मीही बसले. पुढे काही समजावायला गेले नाही. तुमचं घर बाहेर उभ्या असलेल्यांचं असेल तर तुमची गोष्ट वेगळी आहे आणि ती तर मुलाला अभिमानाने सांगायची आहे, आजोबा-पणजोबांची नावं घेऊन सांगायची. कुठल्याही बाजूचे असा, "आता असं काही नसतं" म्हणून विषय संपवू नका, कारण ते खरं नाही.

जावई पंजाबी, सून अमेरिकन. मग कुठली संस्कृती शिकवायची?

दोन्ही. मुलाला तोडून अर्धं-अर्धं वाटून घेऊ नका. आमच्या क्लासमधे एक मुलगा आहे, बाबा गुजराती, आई मराठी, तो फाफड्यावर मिसळीचा रस्सा घालून खातो आणि त्याला त्यात काहीच विचित्र वाटत नाही. आपल्या भाषेतलं आपण शिकवायचं, त्यांच्यातलं त्यांनी, आणि विहीणबाईंना एखाद्या कॉलवर बोलवा, मुलाला फार भारी वाटतं.

डब्यातल्या भाजीला शाळेत हसतात, नाव नीट घेत नाहीत

टीचरशी बोला, स्पष्ट बोला, संकोच करू नका. नावाचं म्हणाल तर मुलाला स्वतःच्या नावाचा अर्थ आणि ते कुणी ठेवलं हे तोंडपाठ हवं, म्हणजे ते दुरुस्त करायला त्याला बळ येतं. डब्याचं मात्र मुलावर सोडा, काही वर्षं सँडविच न्यायचं म्हणालं तर नेऊ दे, रात्री घरी पिठलं-भाकरी आहेच.

मूल म्हणतं, "मी इंडियन नाहीच." ऐकून रडू येतं

येतं, मला माहितीय. पण त्याचा जन्म तिथला, मित्र तिथले, पासपोर्ट तिथला, त्याचं म्हणणं खोटं नाही. तेरा-चौदाच्या वयात तर हे येतंच. वाद घालू नका. ओसीआय कार्डावर, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं त्या कार्डावर, फोटो आहे म्हणून मूल भारतीय वाटून घेत नाही.

मॉरिशसचं उदाहरण मी नेहमी सांगते. कोकणातून मराठी माणसं एकोणिसाव्या शतकात तिकडे ऊसमळ्यांवर मजुरीला गेली. आज त्यांच्या नातवंड-पतवंडांच्या तोंडी क्रिओल आहे, पण गणपती घरोघर बसतो, गणेश चतुर्थीला देशात सरकारी सुट्टी असते, आणि कोकणातली जाखडी तिथे झाकरी म्हणून नाचतात. कोकणातून इस्रायलमधे गेलेले बेने इस्रायल बघा, पेणकर, रोहेकर अशी आडनावं, धर्म ज्यू, आणि शुभकार्यात मलिदा. त्यांना कुणी सर्टिफिकेट मागितलं नाही. जे हाताला आणि जिभेला लागलं ते टिकलं. तेव्हा पोराला "तू इंडियन आहेस" हे पटवत बसू नका, त्याला मोदकाच्या पाकळ्या काढायला बसवा.

इथली चुलत-मावस भावंडं त्यांच्या उच्चारांना हसतात

इथल्या पोरांना बाजूला घेऊन आधीच सांगा, आल्यावर नाही. धाकटी नात ळ ला ल म्हणायची, केलं खाल्लं म्हणायची, माझ्या पुतण्याचा मुलगा खो खो हसला आणि तिने दोन दिवस मराठी बंद केलं. मग मी त्यालाच काम दिलं की तू हिला ळ शिकव. दोघं ओट्यावर बसून जीभ मागे वळवून बाळ, टाळी, केळं, मिसळ करत होते, तासभर.

परत जाताना बरोबर काय द्यायचं?

भांडी बाजारातला छोटा पोळपाट-लाटणं किंवा खलबत्ता, मुलाच्या हाताच्या मापाचा. आजोबांच्या हस्ताक्षरातली एक वही, त्यात घरातल्या माणसांच्या गोष्टी, मोठ्या अक्षरात, जोडाक्षरं कमी. देवाचे फोटो, शाली वगैरे आधीच घरात भरपूर असतात. मनुके आणि चिवडा द्या. नागलीचे पापड देणार असाल तर वेगळ्या डब्यात, हँडबॅगेत सगळ्यात वर ठेवा, चेक-इन बॅगेत त्यांचा चुरा होतो.